हॉइटची मूठ

ओढू नकोस रे, ओढून नाही यायचं ते — मी सकाळपासून दुसरं काय केलं? ट्रॅक्टरची पुढची चाकं हवेत गेली, पण हे खड्डे खणायचं गिरमीट जागचं हललं नाही. फिरत फिरत आत गेलंय, तसंच फिरवून बाहेर काढावं लागणार. तो पाना दांड्याला लाव आणि उलटं फिरव — उलटं, रॉइस, उलटं! अरे देवा, तुझ्या बापालाही डावं-उजवं कळायचं नाही, चर्चमध्ये गाताना सगळे एकीकडे झुलायचे आणि हा दुसरीकडे. हां, असं. इंजिन बंद आहे, किल्ली माझ्या खिशात आहे, घाबरू नकोस. जोर लागेल, ही तांबडी चिकणमाती सहजासहजी सोडत नाही. पण तू तरणाबांड माणूस, तुला काय होतंय. मी इथे पेट्रोलच्या डब्यावर बसते जरा, माझी मान धरलीय.

मानेचं काय होणार? या यंत्रावर मान मागे वळवूनच बसावं लागतं ना. गिरमीट मागे, आपलं तोंड पुढे, आणि पातं एवढं रुंद की खड्ड्याचं तोंड बसल्या जागेवरून दिसतच नाही. म्हणून मागे एक माणूस लागतो खुणा करायला. तळवा खाली — उतरव. तळवा वर — उचल. मूठ वळली — थांब. बस, एवढंच. या बागेतलं एकेक पेकनचं झाड आम्ही असंच लावलं, हॉइट ट्रॅक्टरवर आणि मी मागे. इंजिनाच्या आवाजात बोलणं ऐकू जायचं नाही, आणि खरं सांगू, आमचं सगळ्यात चांगलं जमायचं ते तेव्हाच. घरात आलो की पडद्याच्या रंगावरून भांडणं. पण बागेत — मी मूठ वळली की तो थांबला. का थांबवलंस, हे खाली उतरल्यावर विचारायचा. आधी थांबायचं, मग विचारायचं, हा नियम. एकदा तर माझ्या डोळ्यात माशी गेली आणि माझी मूठ उगाचच वळली, तरी थांबला. दुसरा असता तर दोन शब्द सुनावले असते. हा आला, रुमालाच्या टोकानं माशी काढली आणि परत जाऊन बसला.

फिरव ना, थांबलास का? अर्धा वेढा आलाय, दिसतंय मला.

आता उलट झालंय. मी ट्रॅक्टरवर आणि तो मागे, ओळीच्या टोकाला खुर्चीत. तुझी बायको म्हणत असेल, त्या आजारी माणसाला थंडीत शेतात कशाला आणून बसवते ही म्हातारी. म्हणते ना? म्हणू दे. गोधडी गुंडाळलीय त्याला, थर्मासात कॉफी आहे, उकडलेल्या शेंगा आहेत. घरात टीव्हीसमोर बसवलं तर भिंतीकडे बघत बसतो. इथे निदान माझ्याकडे बघतो. आणि मला वाटलं होतं, शब्द गेले तर गेले, खुणा कुठे जातात? त्या तर हाताच्या.

पण हात असा. उजवा. अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून मूठ वळलेलीच आहे. डॉक्टर म्हणतात शिरा आखडल्यात, त्याला काही अर्थ नाही, मनावर घेऊ नका. मी कशाला मनावर घेतेय? रोज आंघोळ घालताना एकेक बोट उघडते, तळवा धुते, पावडर लावते, कोरडं होईपर्यंत धरून बसते. सोडलं की परत मिटतो. तर सांगायचं काय — पहिल्या दिवशी मी ट्रॅक्टरवर बसले, मान वळवली, तर मूठ. थांबले. परत सुरू केलं, परत मूठ. मला काय ठाऊक नाही का रे ती आखडलेली आहे? पण पाय आपोआप क्लचवर जातो. संध्याकाळपर्यंत एक खड्डा झाला नाही धड. शेडमध्ये रोपं ओल्या भुशात पडलीयत, उघड्या मुळांची, डोळे फुगायला लागलेत त्यांचे. ती काय थांबणार आहेत? मग आज मी मागे बघितलंच नाही. सरळ पुढे बघून खणत सुटले. चार खड्डे झाले चांगले, आणि पाचव्यात हे असं गळ्यापर्यंत रुतलं. बघितलं असतं तर दिसलं असतं. बरोबर आहे तुझं. चेहऱ्यावर दिसतंय तुझ्या.

काय? हो, तुला हात करतोय तो. तू केलास म्हणून. डाव्यानं केला, डावा चांगला आहे त्याचा. कप धरतो, शेंगा सोलतो, कुत्र्याला कुरवाळतो.

मग डाव्यानं खुणा का नाही करत, म्हणतोस?

शहाणा आहेस. फिरव तू तुझा पाना.

करतो, रॉइस. डाव्यानंच करतो. मूठ आखडलेली आहे, मान्य, तिला अर्थ नाही, मान्य. पण ती मांडीवर पडलेली असते. तिला वर कोण उचलतं? डाव्या हातानं उजवं मनगट धरतो आणि मूठ वर करतो, छातीपर्यंत, मला दिसेल अशी. आणि धरून ठेवतो. खाली करत नाही. डॉक्टरांना हे नाही सांगितलं मी. मुलीलाही नाही. आज पहिल्यांदाच तोंडातून निघालं, तेही तुझ्यासमोर.

वादळानं सगळी बाग मुळांसकट आडवी केली, त्या सकाळी तो शेवटच्या ओळीपर्यंत चालत गेला, परत आला, मोरीवर हात धुतले आणि म्हणाला, "व्हर्लीन, बास झालं. विकून टाकू." मी म्हटलं, रागात आहे, निवळेल. मीच रोपं सांगून ठेवली. निवळायच्या आत स्वयंपाकघरात पडला. आता विचारू कसं? विचारलं तर मूठच दाखवणार ना.

आणि थांबून करू काय, ते सांग मला कोणीतरी! घरात जाऊन समोरासमोर बसू? ही झाडं फळ धरायला लागतील तेव्हा मी नसेन, एवढं कळतं मला, मी काही वेडी नाही. पण उद्या सकाळी उठायला काहीतरी लागतं रे. तो म्हणतो थांब, आणि मला भीती वाटते, मी थांबले की तोही थांबेल. कायमचा. माझ्यासाठी जीव धरून राहिलाय असं वाटतं मला, आणि तेवढ्यासाठी मी त्याला रोज थंडीत बसवते आणि रोज त्याचं ऐकत नाही. चाळीस वर्षांच्या संसारात त्यानं माझी मूठ एकदाही डावलली नव्हती.

आलं! आलं बघ वर, सोड पाना, बोटं सांभाळ. किती गुळगुळीत झाल्यात बघ खड्ड्याच्या भिंती, ओल्या मातीत असंच होतं. मुळं आतल्या आत गरागरा फिरत बसतात, बाहेर पडत नाहीत. मी फावड्यानं ओरबाडते नंतर. तू हात पूस.

थांबतोस दुपारपर्यंत? खरंच? देव तुझं भलं करो. नाही, खुणा करता आल्या नाहीत तरी चालेल. तू फक्त उभा राहा. पात्यापासून लांब — तिकडे, ओळीच्या टोकाला. थोडा डावीकडे सर. अजून. कोटाची बटणं काढ, बाजू मोकळ्या सोड. अजून एक पाऊल.

हां. आता नाही दिसत मला तो.

हलू नकोस. आणि तूही मागे वळून बघू नकोस.