तळाचे सहा फूट

(दोघं फोनवर. हेमांगी धरणाच्या पायथ्याशी, छोट्या वीजघरात मीटरसमोर. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले ऑपरेटर निंबानाना वर, पाणी आत शिरतं तिथल्या लोखंडी जाळीवर.)

हेमांगी : चारशे ऐंशी, नाना. काटा हलायला तयार नाही.

निंबानाना : हालई, ताई. आते तं हात घालेल शे.

हेमांगी : पाचला कालव्याचं पाणी बंद होणार. तोवर साडेसातशे किलोवॅट दिसले नाहीत, तर मशीन भंगारात. साहेब इथंच बसलेत. चाळीसगावचा भंगारवाला ट्रक घेऊन गेटवर उभा आहे.

निंबानाना : त्याले च्या पाज. रिकामा जाई बिचारा.

हेमांगी : थट्टा सुचतेय तुम्हाला! मशीन म्हातारं झालं, असा अहवाल तयार आहे. धडधाकट आहे म्हणणारी मी एकटीच.

निंबानाना : धडधाकटच शे. पन तोंडमा केळीना खांब कोंबेल शेतस, मंग पानी कोठून जाई? जाळीना कचरा वढानं तुमनं नवं दाताळं कितलं लांब?

हेमांगी : बारा फूट.

निंबानाना : आनी जाळी?

हेमांगी : अठरा... अगं बाई! खालच्या सहा फुटांना तीन वर्षं कुणी हातच लावला नाही?

निंबानाना : वरल्या गावसना बठ्ठा केळीना कचरा तठेच बशेल शे. मनं दाताळं वीस फुटी. अन्वर मिस्त्रीनी सकाळीच पाईप जोडी दिना. थांब... आडकनं. भलतं वजन शे... ऊनं, वर ऊनं!

हेमांगी : नाना! पाचशे नव्वद!

निंबानाना : आखो एक.

हेमांगी : सहाशे सत्तर. साहेब उठून उभे राहिले. सातशे वीस... ओढा, नाना, ओढा!

निंबानाना : वढस ना! सत्तरीना मानूस शे मी, क्रेन नही.

हेमांगी : साडेसातशे! पूर्ण साडेसातशे, आणि काटा जागचा हलत नाही!

निंबानाना : साहेब काय म्हनतस?

हेमांगी : अहवाल स्वतःच्या हातानं फाडला. म्हणाले, हेमांगी, तुमचंच खरं निघालं.

निंबानाना : मंग? छाती काढीसन उभी ऱ्हाय!

हेमांगी : उभीच आहे. तो बघा, ट्रक वळला. रिकामा चाललाय... नाना, तुम्हाला लागलं नाही ना कुठं?

निंबानाना : काही नही व्हयनं. जाळीवर बठेल शे. थोडं बोलू नको, ताई. फोन मशीनजोडे धर, ऐकू दे माले.