सप्रेम भेटीची पाटी

टक् — एवढंच, काका. मोठा आवाज नाही काही, खडा उडून नळीवर बसावा तसा. चढावर उभं राहून पायडल मारलं की टक्, बसून मारलं की नाही. आधी वाटलं चेन असेल, म्हणून चेन धुतली, तेल दिलं. मग वाटलं सीट असेल. मग वाटलं मीच असेन — हसा, हसा, पण काहीही बिघडलं की मला आधी तसंच वाटतं. मी दचकते ना पटकन. मघाशी मागं कुठल्यातरी ट्यूबची हवा सुटली तेव्हा बघितलंत ना, केवढी उडाले ते? तर अशा मुलीला आवाज आला म्हटल्यावर कोण ऐकणार?

नाही नाही, तुम्ही दाखवा ना, मी बोलता बोलता बघते. ही हार्डटेलच ना? म्हणजे शॉकअप फक्त पुढं, मागं काही नाही. तीच पाहिजे. मागचा शॉकअप म्हणजे नुसतं ओझं — चढावर आपण जीव काढायचा आणि अर्धी ताकद त्या स्प्रिंगनं खायची. क्रॉस-कंट्रीला रेस जिंकतात चढावरच. उतारावर फक्त हरतात. साइज स्मॉल. मीडियम नको, मीडियमवर मी दोरीवर वाळत घातल्यासारखी दिसते. उचलून काय बघू? तुमच्याकडं येऊन सगळे एका बोटावर उचलतात आणि आहाहा म्हणतात. दादांच्या माणसांनीही तेच केलं होतं — कोण दादा काय विचारता? कल्याणदादा! तुम्हीच नाही का दिलीत त्यांना सायकल, वाढदिवसाच्या कार्यक्रमाला? ती मला दिलेली. मी निकिता. फ्लेक्सवर माझा फोटो होता की — खाली, कोपऱ्यात, सगळ्या शुभेच्छुकांच्या पायाशी.

आणि खरं सांगू, ती कार्बन फ्रेमची सायकल मला नकोच होती. मी अ‍ॅल्युमिनियमची मागितलेली. जराशी जड असते, पण आपटली तर पोचा पडतो, डोळ्यांना दिसतो. कार्बनचं तसं नाही, ती आतून जाते आणि वरून हसत असते. शिवाय वजन कमी करायचंच तर आधी चाकांचं करावं, फिरतं वजन ते, पायाला लगेच कळतं. हे सगळं मी त्यांच्या पीएला सांगितलं, नीट, शांतपणे. तर तो म्हणतो, "ताई, अ‍ॅल्युमिनियम म्हंजी पातेल्याचंच ना? मग दादांनी भाषणात काय सांगायचं?" झालं. भाषणासाठी कार्बन. रेस मी मारायची, आणि सायकल निवडली कशासाठी — तर माईकसाठी.

बरं, ते पण चाललं असतं. स्टेजवर कापड ओढलं आणि बघते तर खालच्या नळीवर पाटी. पितळेची! 'मा. कल्याणदादा यांच्या वाढदिवसानिमित्त सप्रेम भेट.' चारी कोपऱ्यांना चार रिव्हेट ठोकलेले. अहो, वजन नको म्हणून मी घंटी काढते, स्टिकर खरवडते, केस कापलेत मी आईची बोलणी खाऊन — आणि त्याच सायकलवर पितळ! लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसले. फोटोत अगदी दात दिसतायत माझे.

मग उन्हाळ्यात हे टक् सुरू झालं. एकदा सायकल उलटी करून पुसत होते, तर पाटीच्या कोपऱ्यातून एक रेघ निघालेली. केसासारखी. नख फिरवलं — अडकलं. तशीच उचलून अजिनाथ सरांकडं नेली, आमचे कोच. सर म्हणाले, "रंगाची रेघ हाय ती. तुला लई आवाज येत्यात, निकिता. कुकरची शिट्टी झाली तरी उडतीस तू." सगळा ग्रुप हसला. म्हटलं, सर, निदान पाटी काढून खालचं बघू या. तर म्हणे, "दादांची पाटी काढायची? मग तूच जा सांगायला." आणि मी गेले, काका. कार्यालयात गेले, सांगितलं. त्या पीएनं चहा दिला आणि विचारलं, सायकल आवडली नाही का ताई? आठवड्यानं सायकल परत नेली. "तिला जड झाली" म्हणे! त्यांच्या तोंडून जड हा शब्द ऐकून मला हसावं की रडावं कळेना. पण म्हटलं जाऊ दे, राहील कार्यालयात उभी, हारबीर घालून. तिथं शोभेल तरी. म्हणून तर आज आले — माझी मी घेणार, वर कुणाचं नाव नको —

काय दाखवताय? सरांचं स्टेटस? तुमच्याकडं पण आहे का सरांचा नंबर — थांबा. मागं घ्या. परत लावा. ही संस्कृती. श्रीगोंद्याची, अकरावीला आहे, यंदाच आली ग्रुपमध्ये. आणि ही — ही तीच सायकल. पाटी चमकतेय बघा उन्हात. कधीचं आहे हे? आत्ताचं? काका, हा डोंगरगणचा उतार आहे! वरून खाली नुसता दगड आहे तिथं.

थांबा हं. तिचा नंबर असेल ग्रुपवर. — वाजतोय. — वाजतोय नुसता. सर? सर कट करतायत. बघा, कट केला. परत लावते. परत कट. काका, तुम्ही लावा ना सरांना. तुमचा नंबर बघून उचलतील. तुम्ही सांगितलं तर तो बिघाड, मी सांगितलं तर निकिता दचकली. फार काही नका बोलू, एवढंच म्हणा की कार्बनच्या नळीला भोक पाडलेलं आहे, तिथून चिरलीय, पोरीला त्यावर बसवू नका. तुम्हाला तर कळतं हे. भोक पाडलं की — काका? फोन खिशात का घातलात?

पाटी कुठं मारून घेतली त्यांनी?

इथं? तुम्ही मारलीत?

दादांच्या माणसांनी सांगितलं म्हणून. बरोबर. पीएला दादांनी सांगितलं, सरांना पीएनं सांगितलं. पण ड्रिल तुमच्या हातात होतं ना? माझ्यासारखीला एक शब्द सांगावासा नाही वाटला, की ताई, बघून चालवा? मघापासून मी टक्, टक् सांगतेय आणि तुम्ही माना हलवत मला दुसरी कार्बनची दाखवताय! — हळू बोलू? का? गिऱ्हाईक ऐकतंय? ऐकू दे की. तेही सायकलच घ्यायला आलंय.

नको, राहू द्या. तुम्ही नका लावू आता. तुमच्याकडून होणार नाही आणि मला थांबायला वेळ नाही. ही ठेवा तुमची स्टँडवर परत — हात काढा, मला रस्त्यावर जाऊ द्या, इथं रेंज जाते. उचल गं. उचल ना. पिशवीत असेल फोन, पिशवी वर झाडाखाली, आणि ही खाली सुटली असेल — नाही, नाही, तसं नाही. उतारावर सगळा भार हातांवर येतो, त्याच नळीवर येतो — उचल गं बाई —

हॅलो? हॅलो, संस्कृती? मी निकिता. हो, तीच. सरांना देऊ नकोस फोन, तूच ऐक. वरच आहेस ना अजून? — मग सायकल खाली टाक. आडवी टाक. आधी टाक, मग बोल.