कासवांची रजा

कासवं वाचवायला मी सिलोनला गेलो होतो म्हटलं, की अजून लोक डोळा मारतात. संयुक्त महाराष्ट्राच्या त्या दिवसांत आमच्या परळच्या कचेरीत कुणी रजा मागितली, की हा सत्याग्रहाला निघाला असंच धरून चालत. त्यात सिलोनच्या माझ्या पत्रमित्राने लिहिलं, "कासवांची अंडी लोक उकरून विकतात. जात नामशेष होईल. राखणीला माणसं हवीत, ये." मी अर्जात तेच कारण लिहिलं.

हेडक्लार्क तांब्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"कासवं?"

"हो."

"सिलोनची?"

"हो."

त्यांनी आजूबाजूला पाहून सही ठोकली आणि हळूच म्हणाले, "कारण झकास शोधलंत. आत तब्येत सांभाळा."

महिनाभर वाळूत राखण करून, काळाठिक्कर पडून मी परतलो, तर कचेरीत हार तयार.

"लाठी कुठे बसली?"

"अहो, कासवं होती!"

सगळे खो खो हसले. तीन दिवस खुलासा केला, मग दमलो.

पुढच्या वर्षी पुन्हा पत्र आलं, "माणसं कमी पडताहेत, येच." मी अर्ज दिला.

तांबे कळवळून म्हणाले, "यंदा नाही जमायचं हो. कासवांसाठी आधीच आठजण गेलेत. टेबलं ओस पडलीत."

आठही जण तुरुंगात होते. मी सिलोनला कळवलं, "येता येत नाही. आमच्या कचेरीत कासवांचे कैवारी फार झालेत."