गप्प बसवायची गोळी

(दवाखाना. समाजसेविका नम्रता यांच्या टेबलासमोर संपत, शेजारी त्याचे वडील बापूराव.)

संपत : वृद्धाश्रमाच्या पत्रात व्यसन नका ना लिहू मॅडम. विसरभोळेपणा लिहा. गोळ्यांची नशा म्हटलं की वृद्धाश्रमवाले दारातूनच परत पाठवतात.

नम्रता : आणि व्यसनमुक्ती केंद्रवाले?

संपत : साठीच्या वर घेत नाहीत. बीपी आहे, रिस्क कोण घेणार म्हणे. वाघोलीपासून कात्रजपर्यंत फिरलो.

नम्रता : फारच कष्ट पडले हो तुम्हाला! वडील झोपेच्या गोळ्या शेंगदाण्यासारख्या खातायत. चिठ्ठी कुणाची?

संपत : चिठ्ठी कशाला? मेडिकलवाला आपल्याच गाळ्यात भाडेकरू आहे.

नम्रता : शी! म्हणजे गोळ्या आणणार तुम्ही, आणि व्यसनी हे.

संपत : आई गेल्यावर रात्रभर रडायचे. मला सकाळी साइटवर पळायचं असतं. एक गोळी दिली, एकदम शांत. मग दिवसाही कटकट, म्हणून दिवसाही दिली. आता नाही दिली की हातपाय थरथरतात, शिव्या देतात.

बापूराव : दहाव्यालाबी दिली.

संपत : अप्पा, गप्प बसा.

बापूराव : गप्पच हाय की वरीसभर! ताई, बायकोच्या दहाव्याला ह्यानं मला चहातनं गोळी दिली. कावळा शिवंना, समदे घाटावर खोळंबले. शेवटी दर्भाचा कावळा केला. आन् तिचा धनी घरात घोरत पडला हुता.

संपत : तमाशा केला असता तुम्ही! आमदार येणार होते.

नम्रता : किळस येते हो तुमची. बायको गेलेला माणूस आमदारांसमोर रडला असता, तर तुमचं काय जाणार होतं?

संपत : लेक्चर नको. लिहीत नसाल तर आजपासून गोळ्या बंद. खोलीला बाहेरून कडी.

नम्रता : घाला. फिट येऊन गेले, की पुन्हा मंडप घाला आणि आमदारांना बोलवा. या गोळ्या एकदम तोडत नाहीत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करतात. आमच्या वॉर्डात घेतील. नाही म्हणाले तर भांडते मी. पण बापूराव, तुमची तयारी हवी. सोपं नाहीये.

बापूराव : एक इचारू का ताई? गोळी सुटली, की रडू येतंय का?

नम्रता : येईल. खूप येईल.

बापूराव : मग घ्या मला. तिच्यासाठी रडायचं ऱ्हायलंय.