अर्थ लागत नाही

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक मुलगी पुस्तक वाचत होती. पलीकडच्या आजी त्यात डोकावत होत्या.

"परीक्षेला आहे का गं हे?"

"हो ना. शेकडो वर्षांपूर्वीचं पद्यनाटक, कवी अज्ञात."

"अज्ञात कसला, माझा भाऊ. प्रकाशकांना स्वतःच्या नावाने पाठवलं, तर पाकीट न फोडताच परत आलं. मग जुनी पोथी सापडली म्हणून पाठवलं, तर डोक्यावर घेतलं."

"खरं सांगितलं नाही त्यांनी?"

"सांगितलं की! मिसरूड न फुटलेल्या पोराला हे जमेल का, म्हणाले. आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. नावाची वाट बघत गेला बिचारा."

"आजी, काहीतरीच!"

"शेवटी राजा मरताना कुणाला हाक मारतो, बघ."

"'टिमुकले' म्हणतो. खाली टीप आहे, अर्थ लागत नाही."

"लागणार कसा? मला त्या नावाने हाक मारणारा तो एकटाच होता."