मोराची वाकडी मान

निपाणीहून बेळगावला निघालेल्या बसमध्ये अंबूबाईचा नुकता कुठे डोळा लागत होता. पुढच्या बाकावर वडगावचा एक म्हातारा विणकर बसला होता आणि शेजारी त्याची लेक, मांडीवर लॅपटॉप उघडून; त्यांच्या बोलण्यानं अंबूबाईला जाग आली.

“आप्पा, पदरावरच्या मोराची मान सरळ केली बघा. गिऱ्हाइकाला तशीच पायजे.”

“आनि तुझ्या आईनं काढल्याली वाकडी? पुसलीस व्हय गं? ती काय आता परत येऊन काढनार हाय?”

“न्हाय ओ. दर बदलाच्या आधीचं डिझाइन ह्यातच नाव घालून सेव्ह केलंय. कवाबी मागं जाता येतंय.”

“हातमागावर न्हाय बाई जमत तसं. उसवाय गेलं की धागा तुटतोय.”

“ही बघा आईची मान.”

“लई वाकडी गं! रुसून बसल्यागत दिसतोय मोर.”

“तवाबी असंच हसला हुतासा. त्या दिशी आमटी आळणी मिळाली.”

“अजून मागं जा.”

“हितं निस्ता पिसारा हाय.”

“अजून.”

“आता काय न्हाय, आप्पा. मोकळी चौकट. तवा आई नुकतीच मोर काढाय येऊन बसल्याली.”

“मग ऱ्हाऊ दे तितंच, जरा वेळ.”