तारखेची जागा कोरी

हॅलो? …कोण, शुभा? …हो गं, दादाच बोलतोय, घसा बसलाय. तू कुठून, केमिस्टकडून? …मग जरा मोठ्यानं बोल.

हं… हं… अंधेरीची शाळा. इंग्रजी माध्यम. …पगार जास्त, हे दोनदा सांगितलंस. …घाटकोपरहून थेट बस, तेही कळलं. …आणि वर्गात पंखा. वा!

अगं, ऐक ना… मी नको म्हणत नाही. मुलुंडची तुझी शाळा स्वर्ग आहे असा माझा दावा नाही. तुझी तुकडी बंद केली, तुला, गणिताच्या बाईला, शिवणाच्या तासावर बसवलं, मुख्याध्यापक तुझ्याशी रिकाम्या बाकाशी बोलावं तसं बोलतात… ठाऊक आहे सगळं. पण तिथे तू नऊ वर्षं कायम आहेस. त्या एका शब्दापुढे त्यांचंही काही चालत नाही.

एवढंच सांग, अंधेरीला तुझ्या जागेवर आधी कोण होतं? …जानकी सामंत. त्या का गेल्या? …घरगुती कारण. आणि त्यांच्याआधीच्या? …त्याही? अंधेरीतल्या घरांना बायकांची फारच निकड दिसते.

…काय? परत सांग. नेमणुकीच्या पत्राबरोबर दुसरा कागद? …मजकूर त्यांनी सांगितला, तू लिहिलास. …‘घरगुती कारणास्तव राजीनामा देत आहे.’ …आणि तारीख? …कोरी ठेवायची. सही मात्र केलीस. …हो, हो, सगळ्याच देतात. म्हणून तर जागा रिकामी होते.

शुभा, रडतेयस? …काय? तुला दिवस गेलेत? …

कितवा महिना? …चौथा. …दशरथरावांना माहीत आहे ना? …आणि अंधेरीच्या शाळेला? …नाही सांगितलंस. बरं. दिसू लागेल तेव्हा त्यांना कळेल. त्या दिवशी कपाटातला कागद निघेल, वर तारीख पडेल, बाळंतपणाच्या रजेचा प्रश्न निकालात. अतिशय सुबक व्यवस्था आहे.

ऐक, अजून काही बिघडलेलं नाही. सोमवारी अंधेरीला जायचंच नाही. मुलुंडला जा, हजेरीपटावर सही कर… का? …का नाही?

…राजीनामा दिलास? कधी? …आज. …मग आत्ता मुख्याध्यापकांच्या घरी जा, परत माग. तुझी आठ दिवसांची रजा मंजूर करायला त्या गृहस्थांना तीन महिने लागले होते, ते काय आजच्या आज…

…किती वेळात?

…मधली सुट्टी संपायच्या आत. सही, शिक्का? …नोटिशीची मुदतसुद्धा माफ! केवढं हे औदार्य.

…नाही गं. तुझ्यावर नाही चिडलो. …नाही म्हटलं ना.

सोमवारी किती वाजता बोलावलंय? …साडेसात. वेळेवर जा. …हो, जा. दुसरं आहे काय आता? आणि शुभा… जाडसर साडी नेस. पदर दोन्ही खांद्यांवरून घे.

…ठेवतो.